पत्रकार आमदार होतो तेव्हा : अत्र्यांचं उदाहरण आणि सभागृहातलं रोजचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे : अकरा वर्षं तालुका आणि जिल्हा पातळीवर वार्ताहर म्हणून काम केलं, स्वतःचं छोटं साप्ताहिक आहे, आता एका पक्षाकडून विधानसभेसाठी विचारणा झाली आहे. आचार्य अत्र्यांनी दैनिक चालवत आमदारकी केली, मग मला ते जमेल का? आणि पत्रकारितेचा अनुभव सभागृहात कितपत कामाला येतो?

मी एकतीस वर्षं विधिमंडळाचं वार्तांकन केलं. निवृत्तीनंतर गेली काही वर्षं वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) तयार करायला मदत करतो. पत्रकार गॅलरीत बसून पाहिलेलं आणि नंतर त्यांच्या शेजारी बसून पाहिलेलं, दोन्ही धरून उत्तर देतो. अनुभव कामाला येतो, पण तुम्हाला वाटतो तो नाही. आणि अत्र्यांसारखं दोन्ही एकदम करायचं मनात असेल तर ते मनातून काढा. असं का म्हणतो, ते अत्र्यांच्याच आयुष्यावरून सांगतो, कारण त्यांच्या आमदारकीबद्दल आपण पत्रकार मंडळी किस्से फार सांगतो आणि हिशेब कमी मांडतो.

पहिली गोष्ट, अत्रे पत्रकारितेतून राजकारणात आले असं म्हणणं अपुरं आहे. १३ ऑगस्ट १८९८ ला सासवडजवळच्या कोढीत गावी जन्मलेला हा माणूस मुळात शिक्षक. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली, मुलांसाठी वाचनमाला तयार केली. मग नाटकं, मग चित्रपट. पुणे नगरपालिकेत निवडून गेले, तिथे कामाची चव घेतली. रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. फुले स्वतः नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी त्याच मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हे लक्षात घेतलं की त्या नामकरणाचं मोल कळतं. १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक निघालं. 'मराठा' दैनिक निघालं १५ नोव्हेंबर १९५६ ला आणि १९५७ च्या निवडणुकीत ते मुंबईतून विधानसभेवर गेले. तेव्हा त्यांचं वय ५८ होतं.

म्हणजे आमदार होण्याआधी ह्या माणसाला मुंबई-पुण्यातलं पोर न् पोर ओळखत होतं. कुणी त्यांच्या वाचनमालेतून मराठी शिकलेलं, कुणी त्यांची नाटकं पाहिलेली, कुणी 'श्यामची आई' पाहून रडलेलं. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. तुमची अकरा वर्षांची बातमीदारी आणि ही ओळख ह्यांत फरक आहे. तुम्हाला कमी लेखण्यासाठी हे म्हणत नाही. वार्ताहराला गावातली माणसं ओळखतात ती बहुतेक कामापुरती : ग्रामसेवक, पोलीस पाटील, तलाठी, सरपंच, दोन-चार ठेकेदार, आणि ज्यांची दुःखं तुम्ही छापलीत ती घरं. ह्या शेवटच्या घरांची यादी तुमच्याकडे असेल तर तीच तुमची खरी पुंजी. तिच्याकडे पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 'मराठा' निघालं तेव्हा ते बातमीपत्र म्हणून निघालंच नव्हतं. १९५५ च्या शरदात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह महाराष्ट्राची मागणी फेटाळली गेली. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. त्यात पडलेल्यांची आठवण आज हुतात्मा चौकातलं स्मारक ठेवून आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबरला गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र करून द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत 'मराठा'चा पहिला अंक. पुढच्या काही महिन्यांत निवडणूक. एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार, सेनापती बापट असे एकमेकांशी एरवी न पटणारे लोक एका मागणीसाठी एका व्यासपीठावर आले होते आणि त्या मागणीला रोज सकाळी घराघरांत नेणारा कागद म्हणजे 'मराठा'. अण्णा भाऊ साठे, अमर शेख मैदानात, अत्रे छापखान्यात आणि मैदानातही.

अशा वेळी संपादक आणि आमदार ही दोन कामं राहतच नाहीत. सकाळच्या अग्रलेखात, दुपारी सभागृहात आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर एकच वाक्य म्हणायचं असतं. अत्र्यांना दोन्ही जमलं ह्याचं हे कारण. त्यांच्या अफाट ऊर्जेचा वाटा आहेच, पण मूळ कारण हे.

आता आकड्यांकडे या. १९५७ च्या त्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने काँग्रेसला हादरवलं तरी सगळ्या राज्यात मिळून काँग्रेसच्या २३४ जागा आल्या. काळा घोड्याजवळच्या जुन्या काउन्सिल हॉलमध्ये, जिथे आज पोलीस मुख्यालय आहे, तिथे अत्रे, एस. एम. आणि बाकीचे समितीवाले बसले ते विरोधी बाकांवर. मतदान घ्यायची वेळ आली की हरणार हे दर वेळी ठरलेलं. अत्र्यांच्या भाषणांनी सभागृह हसलं असेल, चिडलं असेल, पण त्या सभागृहातल्या मतदानाने महाराष्ट्र दिला नाही. महाराष्ट्र आला तो मतपेटीतून दिसलेल्या रागामुळे, ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाटेवर उभ्या राहिलेल्या माणसांमुळे, आणि तिकडे गुजरातेत महागुजरातची, म्हणजे वेगळ्या गुजरात राज्याची, चळवळ पेटली म्हणून. त्या चळवळीचे नेते इंदुलाल याज्ञिक हेही पत्रकारच. गांधीजींच्या हाती गेलेलं 'नवजीवन' आधी 'नवजीवन अने सत्य' ह्या नावाने तेच चालवत होते. एकाच द्विभाषिक राज्याच्या दोन टोकांना दोन संपादक ते राज्य मोडायला उभे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१ मे १९६० ला राज्य मिळालं. त्यानंतर काय झालं ते कुणी फारसं सांगत नाही. मागणी पुरी झाली आणि समितीला धरून ठेवणारा दोर सुटला. १९६२ मध्ये नव्या महाराष्ट्राच्या विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या. ज्या वाचकाने 'मराठा' डोक्यावर घेतला होता, त्यानेच दोन वर्षांत विरोधकांना मत नाकारलं. वाचक कृतघ्न होता असं मी म्हणणार नाही. त्याला आता पाणी, रस्ता, कारखाना, शाळा हवी होती आणि त्यासाठी त्याने यशवंतरावांकडे पाहिलं. चळवळीचा कागद एका प्रश्नावर उभा असतो, मतदारसंघ शंभर प्रश्नांवर.

त्याच काळात मद्रासमध्ये काय चाललं होतं ते पाहा. अण्णादुराई हेही पत्रकार. जस्टिस पक्षाच्या आणि पेरियारांच्या पत्रांत काम केलेले, १९४२ पासून स्वतःचं 'द्राविड नाडु' साप्ताहिक चालवणारे. त्यांनी १९४९ मध्ये द्रमुक हा पक्ष काढला, गावोगाव शाखा उघडल्या, जिथे माणसं एकत्र बसून पक्षाची पत्रं वाचायची अशा वाचनखोल्या उभ्या केल्या. १९५७ ला ते आमदार झाले, १९६२ ला स्वतः पडले, पण पक्ष वाढत राहिला आणि १९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. अत्र्यांकडे वाचक होते, अण्णादुराईंकडे वाचकांची शाखा होती. दोघंही १९६९ मध्ये गेले, अण्णादुराई फेब्रुवारीत आणि अत्रे १३ जूनला. एकामागे राज्य चालवणारा पक्ष उरला, दुसऱ्यामागे आठवणींचा डोंगर. अत्र्यांवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे लिहिताना जड जातं.

तुमच्या पुढचा खरा धडा मात्र मला तिसऱ्याच एका संपादकाच्या आमदारकीत दिसतो आणि पत्रकार मंडळी त्यांना पत्रकार म्हणून मोजायला विसरतात, ह्याची मला खंत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२०, शाहू महाराजांची अडीच हजारांची मदत, शीर्षस्थानी तुकोबांचा 'काय करूं आतां धरूनिया भीड'. १९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सदस्य. आता ह्या तारखा जुळवून बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सी. के. बोल्यांनी कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी तळं बंदच राहिलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर माणसं गेली, पाणी प्यायली आणि मार खाल्ला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. कौन्सिलातला ठराव, तळ्यावरची माणसं आणि पाक्षिकातला लेख एका रेषेत आले.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी महार वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेने सरकारी कामं करायला लावणाऱ्या पद्धतीच्या, जाचाविरुद्ध दुरुस्ती विधेयक मांडलं. १७ सप्टेंबर १९३७ ला विधानसभेत खोती, म्हणजे कोकणात शेतकऱ्यांकडून सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थ खोतांची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. दोन्ही विधेयकं तेव्हा मंजूर झाली नाहीत. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतन गेलं ते १९५८ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने, आणि तो मंजूर केला द्विभाषिकाच्या त्याच विधानसभेने, जिच्यात अत्रे विरोधी बाकांवर बसत होते. बाबासाहेब त्याआधी दोन वर्षं, ६ डिसेंबर १९५६ ला गेले होते.

तुम्ही विचाराल, मग उपयोग काय झाला? उपयोग असा की हरलेलं विधेयक कागदावर राहतं. त्यात कलमं असतात, व्याख्या असतात, नुकसानभरपाई कुणाला आणि किती ह्याचा विचार असतो. पुढच्या सरकारला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. अग्रलेख दुसऱ्या दिवशी शिळा होतो. सभागृहाच्या कार्यवाहीत गेलेलं विधेयक तीस वर्षांनीही कुणीतरी उघडून वाचतो. मी स्वतः विधानमंडळाच्या ग्रंथालयात बसून ती जुनी भाषणं वाचली आहेत. त्यांतले युक्तिवाद आजही ताजे वाटतात, कारण ते आकड्यांवर आणि कायद्याच्या शब्दांवर उभे आहेत.

टिळकांचं एक उदाहरण सांगून रोजच्या कामाकडे येतो. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात निवडून गेले होते. १८९६ च्या दुष्काळात 'केसरी'ने आणि पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' ह्या संस्थेने एक साधं काम केलं : सरकारची स्वतःचीच दुष्काळ संहिता शेतकऱ्यांना समजावून सांगितली. पीक बुडालं तर सारा कधी तहकूब होतो, कधी माफ होतो, मागायचं कुणाकडे. माणसं गावोगाव फिरून हे सांगू लागली तेव्हा सरकार इतकं अस्वस्थ झालं की सभेची मान्यताच काढून घेतली. कौन्सिलातल्या भाषणांपेक्षा हे काम जास्त टोचलं. आजही तालुक्यात अर्ध्या तक्रारी अशाच असतात. शासन निर्णय आधीच निघालेला असतो, तो कुणी वाचलेला नसतो. पत्रकार असलेल्या आमदाराला वाचायची सवय असते. ती सवय वाचवा.

आता सभागृह. तुमचं पहिलं हत्यार तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा प्रश्न. त्याचा एक ठरलेला साचा आहे. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' आणि मग क्रमाने : अमुक गावातील अमुक योजनेत गैरव्यवहार झाल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, असल्यास, त्यात काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नव्या आमदाराला ही भाषा जुनाट वाटते, पत्रकाराला तर फारच. पण ती उगीच नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट. एक पत्रकार पहिल्यांदा निवडून आले होते. पाणीपुरवठा योजनेतल्या बोगस बिलांची बातमी त्यांनी स्वतःच पूर्वी फोडली होती, कागद हाती होते. प्रश्न लिहिताना त्यांनी 'वा त्यादरम्यान' हे शब्द काढून टाकले, कारण बातमीत असं ढिसाळ लिहीत नाहीत. तारीख नेमकी टाकली. चौकशी अधिकाऱ्याचा पंचनामा निघाला दुसऱ्या दिवशीचा. लेखी उत्तर आलं : 'हे खरे नाही.' दुसऱ्या भागाला : 'प्रश्न उद्भवत नाही.' तिसऱ्यालाही तेच. अकरा पानांचे पुरावे एका तारखेवर वाहून गेले. ते गृहस्थ लॉबीत माझ्याशेजारी बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, बातमीत नेमकेपणा तुम्हाला वाचवतो, प्रश्नात तोच नेमकेपणा मंत्र्याला वाचवू शकतो. निसटायला जागा उरणार नाही असं वाक्य लिहायला वेगळी तालीम लागते.

आणि उत्तर आल्यावर काम संपत नाही, तिथे सुरू होतं. 'अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं तर कुठला अंश खरा, ते उपप्रश्नात काढायचं. 'चौकशी सुरू आहे' आलं तर कोण करतंय, मुदत किती, हे वदवून घ्यायचं. मंत्री सभागृहात 'एक महिन्यात कारवाई करू' म्हणाले की ते आश्वासन ठरतं, आणि मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या 'आश्वासन समिती'च्या यादीत ते जातं का, हे बघायचं. आपण पत्रकार इथेच कमी पडतो. मंत्र्याने आश्वासन दिलं, बातमी झाली, पहिल्या पानावर आली, आपण पुढच्या बातमीकडे वळलो. हा आपल्या धंद्याचा वेग आहे. अकरा वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी काम 'संपवून' घरी गेला आहात. आमदाराचं काम संध्याकाळी संपत नाही, एका अधिवेशनातही संपत नाही. मार्चमध्ये विचारलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा डिसेंबरमध्ये नागपूरला करायचा असतो, तेव्हा अधिकारी बदललेला असतो, कधी कधी मंत्रीही बदललेला असतो.

नियम १०५ ची लक्षवेधी, २९३ ची चर्चा, पुरवणी मागण्यांवरची भाषणं, कपात सूचना, हे सगळं शिकता येतं. पत्रकारांना लक्षवेधी चटकन जमते, कारण ती बातमीसारखीच असते : ताजी, तातडीची, एका विषयाची. पण माझा आग्रह समित्यांसाठी आहे. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती. तिथे प्रक्षेपण नसतं, गॅलरी नसते, पत्रकारांना प्रवेश नसतो. सचिव समोर बसलेला, महालेखापालांचा अहवाल हातात, आणि परिच्छेदा-परिच्छेदावर विचारणा. ज्याने जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षं बसून ऐकल्या आहेत, लेखापरीक्षणातल्या त्रुटी वाचल्या आहेत, त्या वार्ताहरासारखा सदस्य तिथे दुसरा नाही. तुमचा अनुभव सोन्याच्या भावाने कुठे खपत असेल तर तो इथे. अडचण एकच : तिथे केलेल्या कामाची बातमी होत नाही आणि पत्रकाराला स्वतःचं काम छापून आलेलं बघायची सवय असते.

आता साप्ताहिकाचं. तुमचं नाव अंकावर संपादक म्हणून राहिलं तर काय होतं, ते कायद्याच्या बाजूने समजून घ्या. संविधानाच्या अनुच्छेद १९४ नुसार सभागृहात तुम्ही जे बोलाल त्यासाठी तुमच्यावर न्यायालयात कारवाई होत नाही. अनुच्छेद ३६१-अ सभागृहाच्या कामकाजाचं खरंखुरं वृत्त, ते आकसाने दिलेलं नसेल तर, छापणाऱ्याला संरक्षण देतो. ह्या दोहोंच्या मधल्या फटीत पत्रकार आमदार पडतो. पश्चिम बंगालचे एक आमदार, डॉ. जतीशचंद्र घोष, ह्यांनी एका अधिकाऱ्याबद्दल प्रश्न दिले होते, अध्यक्षांनी ते नाकारले, आणि त्यांनी ते एका स्थानिक पत्रात छापून आणले. अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभागृहात नाकारलेला प्रश्न बाहेर छापणं हे सभागृहातलं भाषण नव्हे, विशेषाधिकाराचं कवच इथे नाही. तुमच्या हातात छापखाना असेल तर हा मोह रोज होणार. प्रश्न स्वीकारला गेला नाही, कागद तर आहेत, मग छापून टाकू. तो दिवस येण्याआधीच संपादकाची खुर्ची दुसऱ्याला दिलेली बरी.

निवडणुकीच्या काळात तर अंकाला हातही लावू नका. स्वतःच्या पत्रातली स्वतःची तारीफ ही प्रचारच आहे आणि प्रचाराचा खर्च हिशेबात येतो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव ह्यांना निवडणूक आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, ते बातमीच्या रूपात छापून आलेल्या प्रचाराचा खर्च दाखवला नाही म्हणून. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या रोगाने २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्राचं नाव खराब केलं. आपल्यातले कितीतरी प्रामाणिक वार्ताहर तेव्हा मान खाली घालून बसले होते. तुम्ही पत्रकार आहात म्हणून तुमच्याकडे ह्या बाबतीत दुप्पट डोळे लागलेले असतील आणि ते योग्यच आहे.

माणसांबद्दल थोडं. तुम्हाला चहाच्या टपरीवर फाईल दाखवणारा कारकून तुम्ही उमेदवारी भरली त्या दिवसापासून दाखवणार नाही. कालपर्यंत तुम्ही कुणाचे नव्हता, आज एका पक्षाचे झालात, त्याला नोकरी आहे. उलट, आत्तापर्यंत टाळणारा कार्यकारी अभियंता स्वतः फोन करेल आणि गोड बोलेल. माहितीचा जुना झरा आटतो आणि नवा झरा गढूळ असतो. जुन्या सहकाऱ्यांनाही ह्यात ओढू नका. उपसंपादकाला रात्री फोन करून 'तेवढी दोन कॉलम घे रे' म्हणणारे आमदार मी पाहिले आहेत, त्यांतले काही पूर्वी आमच्यासोबत डेस्कवर बसलेले होते. फोन ठेवल्यावर डेस्कवर काय बोललं जातं, ते तुम्हाला माहीत आहेच.

सकाळी सातला दारात माणसं येतील. दाखला, बदली, दवाखान्यातली खाट, पोराची ॲडमिशन, बांधावरची भांडणं. वार्ताहर ह्या गर्दीत बातमी शोधतो. तुम्हाला एकेकाचं काम करून द्यावं लागेल, नाहीतर होणार नाही असं तोंडावर सांगावं लागेल. दुसरं जास्त कठीण आहे. आणि इथेच ती मघाची यादी, ज्यांची दुःखं तुम्ही छापलीत त्या घरांची. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी बातमीसाठी गेला होतात, धरणाने उठवलेल्या वस्तीत गेला होतात, विजेच्या तारेने माणूस गेला त्या घरी गेला होतात. त्यातल्या किती जणांना मदत मिळाली, ते तुम्हाला ठाऊक आहे का? बातमीनंतर परत गेला होतात का? उमेदवारीचा निर्णय घेण्याआधी ह्या घरांत एकदा जाऊन या. मतं मागायला जाऊ नका. त्यांचं काय झालं, एवढंच विचारायला जा. कुठल्या टेबलावर त्यांची फाईल अडली ते लिहून आणा. तुमच्या पहिल्या अधिवेशनाचे प्रश्न त्यातच आहेत.

अत्र्यांकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्या. मोरारजी देसाईंवर, नेहरूंवर त्यांनी ज्या शब्दांत लिहिलं, ते आज कुणी लिहिलं तर गहजब होईल. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' ही त्यांची लाडकी अतिशयोक्ती, ती ते शत्रूलाही लावायचे आणि मित्रालाही. पण २७ मे १९६४ ला नेहरू गेले तेव्हा ह्याच माणसाने 'मराठा'त 'सूर्यास्त' ही लेखमाला लिहिली. ज्यांच्याविरुद्ध प्रतापगडाच्या वाटेवर माणसं उभी केली होती, त्यांच्यासाठी. बाबासाहेब गेले तेव्हा चौपाटीवरच्या त्या अथांग गर्दीसमोरही अत्रेच बोलले. विरोधकाचं मोठेपण मान्य करायला त्यांना कधी उशीर झाला नाही. सभागृहात हे फार कामाला येतं. ज्या मंत्र्याला सकाळी प्रश्नोत्तराच्या तासात घेरलंत, त्याच्याच दालनात दुपारी एखाद्या पेशंटसाठी जायचं असतं आणि गेलंच पाहिजे.

तर माझं म्हणणं : लढायचं असेल तर लढा. साप्ताहिक विश्वासू सहकाऱ्याच्या हाती द्या, संपादक म्हणून नाव काढा, आणि त्याला सांगा की माझ्याविरुद्धची बातमी आली तर मला विचारू नकोस, छाप. पडलात तर वर्षभर तरी राजकीय बातमी लिहू नका, वाचकाला तुमच्याकडे पुन्हा वार्ताहर म्हणून बघायला तेवढा वेळ लागतो. निवडून आलात तर पहिले सहा महिने कमी बोला. रोज सभागृह सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बाकावर बसून त्या दिवसाची प्रश्नोत्तरांची यादी पूर्ण वाचा, दुसऱ्यांचे प्रश्नसुद्धा, कारण चांगला उपप्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच प्रश्नावर सुचतो. निर्णय झाला की ती घरांची यादी आणि त्या फायलींच्या नोंदी घेऊन या. पहिले दहा प्रश्न आपण बसून लिहू. 'वा त्यादरम्यान' कुठे टाकायचं, ते तेव्हा दाखवतो.